सामायिक फाईल आणि तिचा राखणदार

१९८५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. ५ नोव्हेंबरला औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर), पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाळूज येथे बजाज ऑटोच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज’ची पहिली आवृत्ती बाजारात आणली. एकीकडे लोखंड, ॲल्युमिनियम आणि रबर, तर दुसरीकडे निव्वळ आज्ञांच्या ओळी. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना होती: संपूर्ण वस्तू एकसंध घडवायची नाही, ती वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या भागांतून जुळवायची, आणि एकच भाग अनेक वस्तूंना चालेल असे पाहायचे.

ही कल्पना यशस्वी झाली तेव्हा वाळूजच्या माळावर औद्योगिक वसाहत फुलली, बजाजनगर वसले आणि जगभरच्या टेबलांवर संगणक आले. ती फसली तेव्हा काय होते, हे कोणत्याही कार्यालयातल्या लिपिकाला ठाऊक आहे. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारी पत्रलेखनाची किंवा हिशोबाची आज्ञावली सकाळी उघडतच नाही. पडद्यावर एका फाईलचे अगम्य नाव येते आणि ती ‘सापडली नाही’ किंवा ‘सदोष आहे’ असा निरोप मिळतो. ती फाईल आपण कधी तयार केलेली नसते, उघडलेली नसते, तिचे नावही ऐकलेले नसते. मग तिच्यावाचून काम का अडावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर संगणकाच्याही आधी, नट-बोल्टच्या जमान्यापर्यंत मागे जावे लागते.

आटे जुळले पाहिजेत

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा. १० मिलिमीटर व्यासाचे दोन बोल्ट वरवर अगदी सारखे दिसतात. पण एकाच्या दोन आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर असते, तर दुसऱ्याच्या १.२५ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर चढवला तर पहिला-दुसरा फेरा सहज बसतो. मग तो अडतो. पान्याने जोर लावला तर आटे जातात आणि दोन्ही निकामी होतात. नाव एक, दिसणे एक, पण आत दडलेला करार वेगळा.

हा करार पूर्वी अस्तित्वातच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीचे आटे पाडत असे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली: आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला दर इंचास ठरावीक आटे. आगगाड्यांच्या कारखान्यांनी ती उचलली आणि एका गावात बनलेला नट दुसऱ्या गावच्या बोल्टवर बसू लागला.

करार नसला तर किती किंमत मोजावी लागते याचे उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने दिले. फेब्रुवारी १९०४ मध्ये तिथे मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून अग्निशामक बंब धावून आले, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या पाण्याच्या नळ्यांचे तोंड बाल्टिमोरच्या जलखांबांवर बसेना. माणसे होती, पाणी होते, नळ्या होत्या. आटे मात्र वेगळे होते. दीड हजारांहून अधिक इमारती त्या आगीत नष्ट झाल्या.

वाळूजचा कारखाना उभा राहिला तेव्हा हे सारे धडे जुने झाले होते. भोवतालच्या वसाहतीत सुटे भाग पुरवणारे उद्योग वाढले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांसारख्या, पुढे मोठ्या झालेल्या कंपन्या बजाजला भाग पुरवतच वाढल्या. हे शक्य झाले, कारण प्रत्येक भागाचे रेखाचित्र, त्यावरील मापे आणि चालू शकणारी तफावत आधीच ठरलेली होती. पुरवठादाराने आपल्या मर्जीने एखादे माप बदलले तर माल परत जाणार, हे दोघांनाही माहीत होते. सामायिक भाग आणि त्यावर नजर ठेवणारा तपासनीस, अशी ही जोडी होती. संगणकाच्या जगाने यातला पहिला अर्धा भाग लगेच उचलला. दुसरा उचलायला त्याला पंधरा वर्षे लागली.

केंब्रिजचे कपाट

संगणकाच्या आज्ञावलीतही ‘सुटे भाग’ असू शकतात ही कल्पना जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे, त्रिकोणमितीतील गुणोत्तरे काढणे, उत्तर छापणे अशी कामे प्रत्येक गणितात पुन्हा पुन्हा येत. दर वेळी त्यांच्या आज्ञा नव्याने का लिहायच्या? विल्क्स यांचे तरुण सहकारी डेव्हिड व्हीलर यांनी अशा कामांसाठी लहान लहान उपआज्ञावली तयार करण्याची पद्धत बसवली. त्या छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर असत आणि एका कपाटात ओळीने ठेवलेल्या असत. १९५१ पर्यंत अशा ८७ उपआज्ञावली जमल्या होत्या.

ज्याला गरज असे तो कपाटातली पट्टी काढून तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवून घेई. म्हणजे प्रत्येकाच्या आज्ञावलीत तिची स्वतःची प्रत असे. मूळ पट्टीत नंतर बदल झाला तरी आधी नक्कल केलेल्याचे काही बिघडत नसे. तोटा एवढाच, की जागा जास्त लागे. आणि जागेची तर विलक्षण टंचाई होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली काम करू लागला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशोबाने ती १० किलोबाईट भरते. एवढ्या जागेत एकाच उपआज्ञावलीच्या दोन प्रती ठेवणे ही उधळपट्टीच.

यातून दुसरा विचार पुढे आला. नक्कल उतरवून न घेता आज्ञावलीत फक्त नाव लिहून ठेवावे आणि प्रत्यक्ष चालवण्याच्या वेळी त्या नावाची उपआज्ञावली शोधून जोडावी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६०च्या दशकात ‘मल्टिक्स’ या प्रणालीत ही पद्धत राबवली गेली. अशा जोडणीला गतिमान जोडणी म्हणतात.

एकच नकाशा, अनेक वर्ग

शाळेत जगाचा मोठा नकाशा बहुधा एकच असतो. ज्या वर्गात भूगोलाचा तास असेल तिथे तो नेतात. प्रत्येक वर्गासाठी वेगळा नकाशा घेतला तर पैसेही जास्त आणि कपाटातली जागाही जास्त. १९८५ साली विंडोजच्या कर्त्यांपुढे नेमका हाच हिशोब होता. पहिल्या विंडोजला किमान २५६ किलोबाईट स्मृती लागे आणि त्या वेळच्या सामान्य वैयक्तिक संगणकात आज्ञावलींना वापरता येणारी स्मृती जास्तीत जास्त ६४० किलोबाईट असे. त्यात चौकटी रेखाटणे, अक्षरे उमटवणे, छपाईयंत्राशी बोलणे ही कामे प्रत्येक आज्ञावलीला लागणारच. म्हणून ती सामायिक फाईलींत ठेवली. अशा फाईलीला ‘डायनॅमिक लिंक लायब्ररी’ किंवा थोडक्यात ‘डीएलएल’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर हे केंब्रिजचे कपाटच. फरक इतकाच, की इथे नक्कल कोणी घरी नेत नाही, सर्वजण कपाटापाशी येऊन मूळ प्रतच वापरतात.

आज्ञावली सुरू होताना काय घडते ते पाहू. तिच्या फाईलीच्या सुरुवातीच्या भागात एक मागणीपत्रक असते: अमुक नावाची डीएलएल हवी आणि तिच्यातील अमुक अमुक कामे हवीत. प्रणाली त्या नावाची फाईल ठरलेल्या जागी शोधते. सर्वसाधारणपणे आधी आज्ञावलीच्या स्वतःच्या कप्प्यात, मग प्रणालीच्या कप्प्यात. फाईल मिळाली की तिच्यातील कामांची यादी मागणीपत्रकाशी ताडून पाहिली जाते. सगळे जुळले तरच आज्ञावलीची खिडकी उघडते.

यावरून ती का उघडत नाही हेही लक्षात येते. फाईल जागेवरच नसेल तर ‘सापडली नाही’. फाईल आहे, पण तिच्यात मागितलेले काम नाही, तर ‘प्रवेशस्थान सापडले नाही’. फाईल आहे, कामही आहे, पण चकतीवर ती अर्धवट किंवा चुकीची लिहिली गेली आहे, तर ‘सदोष’. चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. नाव जुळते, कामाचे नाव जुळते, मात्र काम करण्याची रीत आतून बदललेली असते. मग आज्ञावली उघडते आणि मध्येच कोसळते. १.५ च्या नटात १.२५ चा बोल्ट तो हाच.

नरकाची दहा वर्षे

एका शिक्षकाने नकाशा नेला आणि परत ठेवताना त्याच्या जागी जुना, फाटका नकाशा टांगला तर पुढच्या तासाच्या शिक्षकाने काय करावे? १९९०च्या दशकात संगणकांवर हेच होत होते. एखादा खेळ किंवा छपाईयंत्राची आज्ञावली बसवताना ती आपल्याबरोबर आणलेल्या सामायिक फाईली प्रणालीच्या कप्प्यात ओतून जाई. तिथे त्याच नावाची नवी फाईल आधीपासून असली तरी तिच्यावर जुनी लिहिली जाई. ‘एमएफसी-४२’ आणि ‘एमएसव्हीसीआरटी’ या नावांच्या फाईली असंख्य आज्ञावली आपल्याबरोबर वाटत असत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे वारंवार घडे. खेळ उत्तम चाले. आठवड्याने पत्रलेखनाची आज्ञावली उघडायला गेले की ती उघडत नसे. दोन्हींचा संबंध लावणार कोण?

उलटही होई. एखादी आज्ञावली काढून टाकताना ती सामायिक फाईलही घेऊन जाई आणि मागे राहिलेल्यांचा आधार तुटे. विंडोजच्या जुन्या, १६ बिटांच्या आवृत्त्यांत आणखी एक गंमत होती. एका नावाची डीएलएल एकदा स्मृतीत आली की त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येकाला तीच मिळे, मग त्याच्या स्वतःच्या कप्प्यात वेगळी प्रत का असेना. त्यामुळे आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ उघडले तर दोन्ही चालत, पण आधी ‘ब’ उघडले तर ‘अ’ अडे. कार्यालयातले अनुभवी लोक ‘आधी हे उघडायचे, मग ते’ असे मंत्र नवख्यांना सांगत. त्या वेळी ती अंधश्रद्धा वाटे. तिच्यामागे खरे कारण होते. या सगळ्या त्रासाला इंग्रजीत ‘डीएलएल हेल’, म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव पडले.

दोष कोणाचा होता? फाईल लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले होते. खेळ बनवणाऱ्यानेही आपल्या खेळाला लागणारी फाईल प्रामाणिकपणे बरोबर दिली होती. वापरणाऱ्याने तर काहीच केले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या पुरते योग्य ते केले आणि सर्वांचे मिळून बिघडले. गावच्या सामायिक विहिरीची किंवा गायरानाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवे नाही.

चार उत्तरे

पुढच्या काळात या प्रश्नाला एकामागून एक चार प्रकारची उत्तरे देण्यात आली. त्यांचा क्रम शिकण्यासारखा आहे.

पहिले उत्तर म्हणजे नियम. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये फाईलीवर आवृत्तीचा क्रमांक नोंदवण्याची आणि तो तपासण्याची सोय होती. नव्यावर जुने लिहू नये, असा नियम होता. पण तो पाळणे बसवणाऱ्या आज्ञावलीच्या मर्जीवर होते आणि अनेक जण तो पाळत नसत. शिवाय ‘नवे ते जुन्याची सर्व कामे जुन्याच रीतीने करेल’ हे गृहीत नेहमी खरे ठरत नसे.

दुसरे उत्तर म्हणजे राखीव प्रत. विंडोज ९५ ने वारंवार बिघडणाऱ्या फाईलींच्या चांगल्या प्रती एका लपवलेल्या कप्प्यात ठेवल्या. नवी आज्ञावली बसवून झाली की प्रणाली हळूच पाहणी करी आणि कोणी जुनी प्रत लिहिली असेल तर चांगली परत ठेवी. कार्यालयीन आज्ञावलींनीही हा मार्ग धरला. १९९९ साली आलेल्या ‘ऑफिस २०००’मध्ये हरवलेल्या किंवा बिघडलेल्या फाईली स्वतःच शोधून मूळ सीडीवरून पुन्हा आणण्याची सोय होती.

तिसरे उत्तर म्हणजे राखणदार. विंडोज ९८ मध्ये ‘सिस्टीम फाईल चेकर’ हे तपासणीचे हत्यार आले. मात्र ते कोणीतरी चालवावे लागे. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने सतत पहारा देणारी व्यवस्था आणली. महत्त्वाची फाईल कोणी बदलली की तिच्यावरील डिजिटल सही तपासायची आणि ती जुळली नाही तर राखीव प्रत जागेवर आणायची. पुढे विंडोज व्हिस्टाने एक पाऊल पुढे टाकले. बदल झाल्यावर दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलाचा अधिकारच काढून घेतला. तेव्हापासून संगणकाचा मालकही या फाईलींना सहजासहजी हात लावू शकत नाही. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून असलेला तपासनीस संगणकात असा पंधरा वर्षांनी आला.

चौथे उत्तर म्हणजे वेगळ्या प्रती. ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्सपीने एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय केली. प्रत्येक आज्ञावलीने आपल्याला नेमकी कोणती आवृत्ती हवी ते एका जाहीरपत्रकात लिहायचे, म्हणजे तिला तीच मिळेल. हे परवडू लागले, कारण स्मृती आणि चकती स्वस्त झाल्या होत्या. आज ८ गिगाबाईट स्मृतीचा संगणक साधा मानला जातो. ६४० किलोबाईटच्या तो तेरा हजार पट भरतो. म्हणजे बाविसाहून अधिक शतकांच्या नव्हे, अवघ्या काही दशकांच्या अवधीत वर्तुळ पूर्ण होऊन आपण पुन्हा केंब्रिजच्या पट्टीकडे आलो: ज्याची त्याची प्रत ज्याच्या त्याच्याकडे.

मराठी अक्षरांची तीच कथा

सामायिक की स्वतंत्र, हा वाद मराठी माणसाने संगणकावर आणखी एका रूपात अनुभवला आहे. पुण्यात १९८८ साली ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिने पुढे नेले आणि संगणकाच्या पेटीत एक कार्ड बसवून पडद्यावर देवनागरी उमटू लागली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणही ठरले. पण विंडोजवरच्या मराठीसाठी आलेल्या फाँटमध्ये प्रत्येक निर्मात्याने आपापली संकेतमाला वापरली. ज्या क्रमांकावर एकाने ‘क’ ठेवला त्यावर दुसऱ्याने वेगळेच चिन्ह. एका कार्यालयातून गेलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. बाल्टिमोरच्या नळीसारखेच हे. पत्र होते, संगणक होता, आटे वेगळे होते.

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि विंडोज २००० मध्ये ती प्रत्यक्ष वापरता येऊ लागली. परंतु युनिकोडमध्ये फक्त मूळ अक्षरांचे क्रमांक साठवतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’ नंतर साठवली जाते, दिसायला मात्र आधी हवी. ‘र’ आणि हलन्त यांचा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा. ‘क’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ व्हायला हवा. ही सारी जुळवाजुळव विंडोजवर ‘यूएसपी-१०’ नावाची एक सामायिक डीएलएल करत असे. विंडोज एक्सपीवर गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय निवडून तिच्या फाईली सीडीवरून चढवाव्या लागत. तोवर वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरे तुटलेली दिसत. ‘ऑफिस २००३’ तर या फाईलीची स्वतःची वेगळी प्रत बरोबर आणे. म्हणून एकाच संगणकावर एकच मजकूर वर्डमध्ये एक तऱ्हेने आणि साध्या नोटपॅडमध्ये दुसऱ्या तऱ्हेने दिसू शके. ‘फाँट खराब आहे’ असे म्हणून अनेकांनी फाँटला दोष दिला, पण पुष्कळदा फाँट निर्दोष असे.

वेगळ्या प्रतींची किंमत

मग चौथे उत्तर अंतिम मानावे का? सप्टेंबर २००४ मध्ये त्याची दुसरी बाजू समोर आली. चित्रे दाखवणाऱ्या ‘जीडीआय प्लस’ या डीएलएलमध्ये एक गंभीर उणीव सापडली. मुद्दाम बिघडवलेले एखादे छायाचित्र नुसते पाहिले तरी परक्या माणसाला संगणकाचा ताबा मिळू शकत होता. ही फाईल एकाच जागी असती तर एक दुरुस्ती पुरली असती. पण अनेक आज्ञावलींनी तिची स्वतंत्र प्रत आपल्या कप्प्यात ठेवली होती. प्रत्येक संगणकावर त्या प्रती हुडकून एकेक बदलणे भाग पडले.

थोडक्यात, सामायिक प्रत असली तर बिघाडही सर्वांचा आणि दुरुस्तीही सर्वांची. स्वतंत्र प्रत असली तर बिघाड एकट्याचा, पण दुरुस्तीही ज्याची त्याला. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत. कोणती जोखीम घ्यायची, हे परिस्थिती पाहून ठरवावे लागते.

जोखीम किती मोठी असू शकते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. ‘क्राउडस्ट्राइक’ या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर माहितीची एक छोटी फाईल पाठवली. फाईल २१ बाबी गृहीत धरून बनवलेली होती. ती वाचणारी आज्ञावली मात्र २० बाबीच पुरवत होती. एकविसावी बाब वाचायला जाताच प्रणाली कोसळे, आणि ही आज्ञावली प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसत असल्यामुळे संगणक पुन्हा सुरूही होत नसे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने रखडली आणि भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्यात आले. सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण ज्या संगणकांवर ती पोहोचली होती त्यांपैकी बहुतेकांपाशी माणसाने जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून, ती पुसावी लागली. राखणदारच आडवा झाला, तो एका आट्याच्या फरकाने.

कार्यालयात अडले तर

इतिहास कळला की दुरुस्तीचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप सुचतो. पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा उतरवून घ्यावा; ‘सापडली नाही’ आणि ‘सदोष’ यांत फरक आहे हे आपण पाहिलेच. काल आणि आज यांत काय बदलले, हा दुसरा प्रश्न: नवी आज्ञावली, नवे छपाईयंत्र, की अचानक गेलेली वीज? इतर आज्ञावली चालतात का, हा तिसरा. एकच अडत असेल तर दोष बहुधा तिच्यापाशी आहे. नियंत्रण-कळ दाबून ठेवून वर्ड सुरक्षित अवस्थेत उघडून पाहावे. तसे ते उघडले तर त्याला जोडलेल्या एखाद्या पूरक आज्ञावलीवर संशय घ्यावा. नाहीतर ऑफिसमध्येच असलेली दुरुस्तीची सोय वापरावी. अनेक आज्ञावली अडत असतील तर दोष प्रणालीच्या फाईलींत असू शकतो. त्यासाठी आजच्या विंडोजमध्ये आधी ‘डिझम’ने राखीव साठा दुरुस्त करून मग ‘सिस्टीम फाईल चेकर’ चालवतात. क्रम असा का? राखीव प्रतच बिघडलेली असेल तर तिच्यावरून केलेली दुरुस्तीही बिघडलेलीच होणार.

या सगळ्याच्या आधी मात्र निकालपत्रके आणि दाखल्यांच्या नोंदी दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात. फाईली पुन्हा पुन्हा सदोष होत असतील तर चकतीच मरणपंथाला लागलेली असू शकते. आणि हवी असलेली एकच डीएलएल कोठून तरी अनोळखी ठिकाणाहून आणून कप्प्यात टाकू नये. त्या नावाखाली काय येईल याचा भरवसा नसतो, आणि आली ती खरी असली तरी आवृत्ती जुळेलच असे नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना हे संगणकाशिवायही शिकवता येते. गॅरेजमधून दोन जातींचे १० मिलिमीटरचे नट-बोल्ट आणून अदलाबदल करून पाहू द्यावी. जोर मात्र लावू देऊ नये. मग वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने एका कागदावर शेरडिंगची नव्हे, साधी एकेक कृती लिहावी, जिच्यात ‘पान दोन पाहा’ अशी सूचना असेल आणि पान दोन सर्वांचे एकच असेल. एका गटाला ते पान आपल्या सोयीने गुपचूप सुधारू द्यावे आणि उरलेल्या तिघांचे काय होते ते पाहावे. त्यानंतर मुलांनाच विचारावे: हे पान बदलण्याचा अधिकार कोणाला असावा? बदल करण्यापूर्वी कोणाकोणाला सांगावे? जुने पान टाकून द्यावे की जपून ठेवावे?

मुले जी उत्तरे देतील ती बहुधा वरच्या चारांपैकीच असतील: नियम करा, जपून ठेवा, राखणदार नेमा, ज्याचे त्याला वेगळे द्या. शाळेचे वाचनालय, गावची पाणीपुरवठा योजना, पंचायतीचे रस्ते, सगळीकडे हीच चार उत्तरे फिरून फिरून येतात. न उघडणारी आज्ञावली दुरुस्त करणारा माणूस या जुन्याच प्रश्नाशी झुंजत असतो, एवढे मुलांच्या ध्यानात आले तरी तास सत्कारणी लागला असे समजावे.